साळुंकेसाहेबांचा कडू घास

साळुंकेसाहेब एखादी संस्था बंद करायला निघाले की सोबत भाकरी घ्यायचे. स्वतःसाठी नव्हे, स्वतःचा डबा वेगळा असायचा. ही भाकरी जाड, कडांना चिरा गेलेली, पांढऱ्या फडक्यात बांधलेली. तिच्यासोबत एका लहान बरणीत बिनफोडणीचं पिठलं. ते गाठोडं मांडीवर घेऊन ते जीपमध्ये पुढे बसत. आमच्या ड्रायव्हरनं, मुनीरनं, पहिल्यांदा विचारलं होतं, "साहेब, मागं ठेवतो ना." तर म्हणाले, "नको रे. मयताच्या घरी न्यायचं हाय, मांडीवरच ऱ्हाऊ दे." मुनीरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

आमचं काम होतं बंद पडलेल्या सहकारी संस्थांना रीतसर मूठमाती द्यायचं. कागदावर त्याला अवसायन म्हणतात आणि ते करणाऱ्या अधिकाऱ्याला अवसायक. साळुंकेसाहेब अवसायक, आणि मी त्यांच्या हाताखाली वरिष्ठ लिपिक. नांदेडच्या ऑफिसातून आम्ही कधी हदगावला, कधी किनवटला, कधी अर्धापूरला जायचो. गावाच्या तोंडाशी जीप दिसली की पारावरचं कुणीतरी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचं, "आले बुडवायला." मला राग यायचा. साहेब म्हणायचे, "खरंच तर हाय ते. राग कशाचा?"

त्यांची भाकरी मी पहिल्यांदा उघडलेली पाहिली ती हदगाव तालुक्यात. एक जुनी पाणी वापर संस्था होती, कालव्याचं पाणी शेतकऱ्यांनी आपसात वाटून घेण्यासाठी काढलेली. कधीच बंद पडली होती. चार संचालक आणि म्हातारे सचिव ग्रामपंचायतीत जमले. साहेबांनी आदेश वाचला, सह्या घेतल्या आणि मग टेबलावरच फडकं सोडलं. भाकरी मोडली, वर पिठलं घातलं आणि तो घास सचिवांच्या पुढे धरला.

"घ्या. दोन घास घ्या."

कुणाला काही कळेना. मला तर मुळीच नाही.

"आपल्यात घरचं मानूस गेलं की चूल पेटत न्हाई," साहेब म्हणाले. "शेजारचे भाकरी-पिठलं आनतेत आन् बळंच दोन घास चारतेत. कडू घास म्हनतेत त्याला. संस्था तुमच्या घरचीच व्हती न्हवं? मंग शेजारी कोन? सरकार. म्हनून सरकारनं आनलाय."

एक तरुण संचालक मोबाइलमध्ये तोंड घालून हसला. सचिवांनी मात्र घास घेतला, तोंडात घातला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी मनात म्हटलं, हा माणूस एक तर संत असला पाहिजे नाहीतर नाटकी. इतकी वर्षं सरकारी नोकरी केलेली बाई मी, मी नाटकी धरून चालले.

त्यांचं सगळंच तऱ्हेवाईक होतं. बंद होणाऱ्या संस्थेच्या गावात ते चहा घेत नसत. "सुतकाच्या घरी चहा मागत नसतेत," म्हणायचे. त्यामुळे मलाही मिळायचा नाही, आणि किनवटच्या रस्त्यावर दोन तास हाडं खिळखिळी करून गेल्यावर चहा नाही म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पाणी मागायचे ते नेहमी, "अर्धाच ग्लास द्या." तो अर्धा मात्र तळापर्यंत प्यायचे. ते लातूरचे. घर लातूरला, बायको लातूरला, नळ आठ-दहा दिवसांनी येणारा. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं जायचे आणि सोमवारी सकाळी परत. नांदेडच्या खोलीत भाकरी स्वतः थापायचे.

आणि त्यांना लाज फार लवकर वाटायची. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला इतकी लाज परवडत नाही. कुणी शिव्या घातल्या तर नाही, कुणी गप्प बसलं की वाटायची. मग ते चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसायचे. चष्मा स्वच्छच असायचा. समोरचं दिसू नये एवढ्यासाठी तो काढलेला असायचा, हे मला पुढे कळलं.

एकदा आढावा बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, "साळुंके, या महिन्यात किती निकाली काढल्या?"

साहेब उभे राहिले. "निकाली न्हाई साहेब. तीन वारल्या."

अख्खी बैठक हसली. त्या दिवसापासून ऑफिसात त्यांचं नाव पडलं सुतकीसाहेब. मीही मागे म्हणायचे, खोटं कशाला सांगू. त्यांच्या कानावरही गेलं असणार. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की तरुणपणी नोकरीला लागले तेव्हा ह्याच गावांतून जुन्या लुनावर फिरून त्यांनी ह्या पाणी संस्था काढल्या होत्या. लोकांना गोळा करायचं, नारळ फोडायचा, नोंदणी करायची. "बारसं माझ्याच हातचं हाय मॅडम. आता दुसऱ्या कुनाच्या हातात दिऊ ह्यांना?" त्या दिवशी नाटकी हा शब्द मी मनातून काढून टाकला.

आता अर्धापूरकडचं सांगते. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं मला अजून बाजारात भेटतात आणि आपणहून ओळख देतात, आणि तेव्हा काय तोंड करावं ते मला समजत नाही.

त्या गावची संस्था साहेबांची सगळ्यांत लाडकी, त्यांनी काढलेली पहिली. केळीचं गाव. कालव्यातून निघालेली चारी गावाच्या वरच्या अंगाला केळीच्या बागांतून शिरते आणि खाली शेवटाला बौद्ध वस्तीच्या शेतांपाशी संपते. संपते म्हणजे सिमेंटचं शेवटचं दार तिथं आहे. पाणी तिथवर जाईच असं नाही. केळीची तहान मोठी, आणि केळीवाल्यांची पोच त्याहून मोठी. शेवटाच्या लोकांचा हरभरा फुलावर यायचा आणि पाणी वरच्या वर संपायचं. मागायची सोय नव्हती, कारण ते सभासद नव्हते. जुन्या सहकारी संस्थेत शेअर घेतला तोच सभासद.

मग नवा कायदा लागू करायचं आलं. जुन्या पाणी संस्था एक तर नव्या कायद्याखाली रूपांतरित करायच्या नाहीतर गुंडाळायच्या. नव्या कायद्यात एक गोष्ट लाखमोलाची होती. चारीखाली ज्याची जमीन तो आपोआप सभासद, शेअर-बिअर काही नाही. आणि मंडळात वरच्या भागाला जागा तशी शेवटालाही जागा. म्हणजे रूपांतर झालं तर शेवटाचा माणूस खुर्चीवर बसून विचारू शकणार होता, आमची पाळी कुठं गेली? आणि गुंडाळली तर पुन्हा येरे माझ्या मागल्या.

साहेबांनी ठरवलं, ही मरू द्यायची नाही. सगळ्या जमीनधारकांची सभा बोलावली. त्या सकाळी जीपमध्ये त्यांच्या मांडीवर भाकरी नव्हती, पेढ्यांचा पुडा होता. मुनीरला म्हणाले, "आज बारसं हाय रे, हळू चालव." त्या दिवशी ते सबंध रस्ताभर बोलत होते.

सभा ठेवली होती मारुतीच्या मंदिरात, सभामंडपात. संस्थेचा नारळ इथंच फुटला होता, तेव्हापासूनच्या सगळ्या सभा इथंच. चेअरमन बापूराव, साहेबांचे जुने स्नेही, स्वतः मोठे केळीवाले, सतरंज्या घालून तयार. वरच्या अंगाची दहा-बारा माणसं बसलेली. मी रस्त्याकडे पाठ करून सह्या घेत होते. शेवटाचं कुणीच नव्हतं.

"निरोप दिला व्हता न्हवं?" साहेबांनी विचारलं.

"सवता जाऊन दिला जी," बापूराव म्हणाले. "मारुतीच्या मंडपात मीटिंग हाय, सगळ्यांनी या म्हनलं. इचारा कुनालाबी." आणि ते खरंच गेले होते. ह्या सगळ्यात खोटं कुणीही बोललं नाही, हीच तर त्यातली वाईट गोष्ट.

गणपूर्ती होईना. नियम असा की सभा अर्धा तास तहकूब करायची आणि त्यानंतर जितके हजर तितक्यांवर चालवायची. साहेबांनी सभा तहकूब केली आणि मंदिराच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. रस्त्याकडे बघत होते, पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते. मग आत आले, अर्धा ग्लास पाणी प्यायले आणि वैतागून म्हणाले, "आपन ह्यांच्यासाठी मरून राहिलो आन् ह्यांनाच गरज न्हाई."

बापूराव म्हणाले, "जाऊ द्या जी. घोड्याला पान्यापस्तोर नेता येतंय, पाजता थोडंच येतंय."

अर्ध्या तासानं सभा सुरू झाली. हजर दहा-बारा. नवा कायदा नको, संस्था गुंडाळावी. हात वर झाले, एकही खाली नाही. अध्यक्ष म्हणून सही साहेबांचीच. पेढ्यांचा पुडा जीपमध्येच राहिला आणि मुनीरनं तो घरी नेला.

गुंडाळल्याचा आदेश निघाला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. ह्या वेळी मांडीवर गाठोडं होतं. आदेश बापूरावांच्या ओसरीवर वाचून झाला. बापूरावांनी केळीचा घड पुढे केला. साहेबांनी हात लावला नाही. गाठोडंही सोडलं नाही. बाहेर आल्यावर मुनीरला म्हणाले, "खाली, वस्तीवर घे. पानी त्यांचं गेलंय, घास त्यांचा हाय." पण चेहऱ्यावर राग होता. त्यांना घासही द्यायचा होता आणि जाबही विचारायचा होता.

वस्तीवर विहाराच्या समोर धुरपताबाई भेटल्या. साठीच्या, उंच, दोन एकर हरभऱ्याच्या मालकीण. शेजारी त्यांचे दीर खाटेवर बसलेले. साहेबांनी नमस्कारही धड केला नाही.

"मावशी, त्या दिवशी मीटिंगला का आल्या न्हाईत?"

"आलो व्हतो की," धुरपताबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"यष्टीच्या शेडात. मी आन् हे माझे दीर. वस्तीनं आमाला दोघांला पाठिवलं, म्हनले बाकीचे बलावलं की येतो. तुमी देवळाच्या पायरीवर आले, आमच्याकडं पाह्यलं. मी दिराला म्हनलं, आता सायेब भाईर येतेत, लिंबाखाली बसतेत. तुमी आत गेले."

मी साहेबांकडे पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे, मंदिरासमोरच ते शेड आहे. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनी पाहिलं होतं.

"मला वाटलं गाडीसाठी थांबलेत," साहेब म्हणाले. "आत का न्हाई आलात? कुनी अडवलं का?"

"आता कोन अडवतंय जी." त्या हसल्या. "आमच्या आजेसासऱ्यानं धम्म घेतला तव्हा शपथ घेतली, त्या पायऱ्या सोडल्या. अडवत व्हते तव्हा मान खाली घालून हुभे राह्यचो. आता 'या' म्हनतेत, पन आमीच जात न्हाई. गावातल्या लेकराला ठाव हाय हे."

खाटेवरचे दीर पहिल्यांदाच बोलले. "साळंत घ्यायची व्हती मीटिंग. न्हाईतर रस्त्यावर."

साहेबांच्या हातातलं गाठोडं अर्धं सुटलं होतं. आता ते काय करावं हे त्यांना समजेना. शेवटी त्यांनी ते तसंच पुढे केलं.

"हे काय?"

"कडू घास."

"कोन गेलं?"

"संस्था."

धुरपताबाई जराही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "सायेब, ती आमची कवा व्हती? शेअर घ्यायला गेलो तव्हा आता जागा न्हाई म्हनले. ज्याचं नातं त्याला सुतक. आन् तसंबी आमच्यात सुतक पाळत न्हाईत." मग घरात गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. साहेब नेहमीसारखं 'अर्धाच द्या' म्हणाले नाहीत, कारण ग्लास अर्धाच होता. त्यांनी चष्मा काढला आणि पाणी प्यायले.

परतीच्या वाटेवर अर्धापूर मागे पडल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, ती संस्था मीच काढली. नारळ मीच फोडला. त्या दिवशी मंडपात शेवटाचं कुनी व्हतं का, हे मी आजपस्तोर सवताला इचारलं न्हाई. पहिल्या दिवशी न्हाई इचारलं, मंग परवा तरी कसं इचारनार?" त्यांना धीर द्यायची माझी लायकी नव्हती. मी मागच्या सीटवर बसून त्यांच्या सुतकावर विनोद करणाऱ्यांपैकी एक होते.

त्यांनी वर लिहून कळवलं की सभेची जागाच चुकीची होती, दोष अध्यक्षाचा, सभा रद्द करून पुन्हा घ्यावी. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. मी फाइल घेऊन उभी होते.

"साळुंके, सभेचे अध्यक्ष कोण होते?"

"मीच साहेब."

"म्हणजे तुम्ही स्वतःविरुद्ध अहवाल पाठवताय? निवृत्तीला आलात तुम्ही. आपलेच दात, आपलेच ओठ. नोटीस दिली, निरोप दिला, तहकुबी दिली. नियमात कुठं बसत नाही ते सांगा."

"नियमात समदं बसतंय साहेब," साळुंकेसाहेब म्हणाले. "मानसंच तेवढी भाईर हुभी राहिली."

वरिष्ठांनी फाइल मिटली. आदेश कायम राहिला. त्या तिमाहीत सर्वांत जास्त संस्था निकाली काढल्याबद्दल आमच्या शाखेचं कौतुक झालं, मला पुष्पगुच्छ मिळाला. मी तो घरी नेला, पाण्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळायच्या आत टाकून दिला. घरी कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

त्यानंतर साहेबांनी भाकरी न्यायचं सोडलं. चहा दिला की घ्यायचे, मुकाट्यानं. संस्था बंद करायचे आणि निघायचे. मुनीर मला म्हणाला, "मॅडम, साहेब पहिले दुःखी होते तर बरे होते." मला त्याचं म्हणणं पटलं.

निवृत्तीला दोन दिवस राहिले होते तेव्हा त्या गावच्या संस्थेचं कपाट आणि पाटी ताब्यात घ्यायचं काम निघालं. साहेब म्हणाले, मीच जातो. सकाळी ते जीपमध्ये बसले तेव्हा मांडीवर पांढरं फडकं होतं. मुनीरनं गाडी हळू काढली. बापूरावांकडून कपाट ताब्यात घेतलं, पाटी जीपच्या टपावर बांधली. मग साहेब म्हणाले, "चारीच्या शेवटाला चल."

शेवटच्या दारापाशी जीप थांबली. मागे केळीच्या बागा हिरव्यागार, इथं चारीच्या तळाला वाळलेलं गवत आणि शेळ्यांच्या लेंड्या. साहेब उतरले, दाराच्या सिमेंटच्या कठड्यावर बसले आणि गाठोडं मांडीवर ठेवलं. सोडलं नाही. आम्ही दोघं जीपपाशीच थांबलो. आपण होऊन जवळ जावं, असं मला वाटलं आणि पाय उचलला नाही.

पलीकडच्या बांधावर धुरपताबाई गवत कापत होत्या. त्यांनी पाहिलं, विळा तसाच हातात घेऊन आल्या.

"सायेब, इथं काय करून राहिले?"

"बसलोय."

"आज कुनाचं हाय?" त्यांनी गाठोड्याकडे हनुवटी केली.

"माझंच."

धुरपताबाईंनी विळा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि त्यांच्या समोर चारीच्या काठावर बसल्या. गाठोडं साहेबांच्या मांडीवरून स्वतःच उचललं.

"सवताचा कडू घास सवता खात नसतेत जी. आमी सोडलं आसंल, इसरलो न्हाई."

त्यांनी गाठ सोडली, भाकरी मोडली, बरणीतलं पिठलं वर घातलं आणि घास साहेबांच्या हातावर ठेवला. "घ्या. तुमचं मानूस गेलंय. आमचं तर आजून जन्माला यायचंय."

साहेबांनी चष्मा काढला. घास तोंडात घेतला आणि चावायचं विसरून कोरड्या चारीकडे बघत बसले.

"खावा की," धुरपताबाई म्हणाल्या. "मला गवत कापायचं हाय."